आजारपणाचा विमा आणि मागावरचा माणूस



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर इतिहास, साहित्य, धर्म आणि राजकारण हे विषय शोभून दिसत आले आहेत. चालकांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही "आजारपणाचा विमा" असे सांगितले. ते क्षणभर गप्प झाले. मग त्यांतील एक गृहस्थ म्हणाले, "लोक येतील का?" लोक आले आहेत. दवाखान्याच्या बिलाने ज्या घराची झोप कधी उडविली नाही, असे घर या भिवंडीत आम्हाला तरी ठाऊक नाही.

आम्ही डॉक्टर नाही, विमा कंपनीचे नोकर नाही आणि पदवीधरही नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे वाचन दोन मोर्चांच्या मधल्या वेळात झाले. तेव्हा आम्ही जे सांगणार ते पुस्तकातले थोडे आणि ठेच लागून शिकलेले अधिक. त्या ठेचेपासूनच प्रारंभ करतो.

करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, म्हणजे २०२१ साली, माणसे धास्तावलेली होती. विम्याचे एजंट चहाच्या टपऱ्यांवर फिरत होते. आमच्या युनियनच्या कचेरीतही एकजण आला. हप्ता परवडेल असा दिसला. आम्ही सभासदांना म्हटले, घ्या. एका दुपारी, कचेरीच्या बाकावर बसून, एकवीस जणांचे अर्ज भरले गेले. अर्ज इंग्रजीत होते. "पूर्वीचा काही आजार आहे काय?" या रकान्यात एजंटाने सर्वांच्या नावापुढे "नाही" लिहिले, आणि सही कोठे करावयाची ते आम्ही शेजारी बसून बोटाने दाखवीत होतो. त्या एकविसांत पंचेचाळिशीचा एक विणकर होता. त्याला तीन वर्षांपासून साखरेचा आजार होता आणि गोळी चालू होती. ही गोष्ट आम्हाला ठाऊक होती.

पुढच्या वर्षी रात्रपाळीत त्याच्या छातीत कळ आली. मंडळींनी त्याला जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेले. अँजिओप्लास्टी झाली. बिल अडीच लाखांच्या वर गेले. नंतर कंपनीचे पत्र आले: पूर्वीचा आजार लपविला, सबब दावा नामंजूर. बायकोचे दागिने गेले, गावाकडची अर्धा एकर गेली, आणि मुलीचे कॉलेज बारावीवरच थांबले. सर्व आटोपल्यावर, कर्जाच्या कागदासाठी त्याने घरातून शिधापत्रिका आणली तेव्हा आम्ही ती पाहिली. ती केशरी होती. त्या केशरी पत्रिकेवर, सरकारी योजनेत असलेल्या रुग्णालयात, हाच उपचार एक पैसा न देता झाला असता. ती पत्रिका पत्र्याच्या पेटीत पडून राहिली आणि आम्ही, कामगारांचे पुढारी म्हणविणारे, त्याला बाजारात घेऊन गेलो.

माणूस वाचला. आजही धामणकर नाक्यावर भेटला म्हणजे नमस्कार आधी तोच करतो. त्याने आम्हाला कधी शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

या प्रसंगानंतर आम्ही विमा या विषयाचा अभ्यास करू लागलो. त्याचा निष्कर्ष आरंभीच सांगतो. स्वस्त विमा ही बाजारात शोधून सापडणारी वस्तू नव्हे. माणसे एकत्र आली की विमा स्वस्त होतो. एकट्याला तो महागच पडतो. बाकीचे व्याख्यान म्हणजे या एका वाक्याचा विस्तार आहे.

समजा, शांतिनगरात हजार कुटुंबे आहेत. त्यांतील चाळीस घरांत वर्षाकाठी कोणीतरी रुग्णालयात पडते आणि सरासरी तीस हजार खर्च येतो, असे धरू. एकूण झाले बारा लाख. हजार घरांनी प्रत्येकी बाराशे रुपये काढले की हिशेब मिटला. कोणाच्या घरी आजार येणार हे कोणालाच ठाऊक नाही. साधारण किती घरी येणार हे मात्र ठाऊक असते. येथे बसलेल्या भगिनींना ही गोष्ट अधिक समजावून सांगण्याची गरज नाही, कारण त्या भिशी चालवितात. भिशीत नंबर चिठ्ठीने लागतो, विम्यात तो आजाराने लागतो. आणि आपला नंबर लागू नये अशी प्रार्थना करीत पैसे भरावयाचे असतात.

परंतु यात एक मेख आहे. हजार घरांपैकी ज्यांच्या घरी आधीच आजार आहे असे शंभरच पुढे आले आणि बाकीचे नऊशे "आम्हाला काय होते" म्हणून मागे राहिले, तर बाराशेंत भागणार नाही. मग हप्ता वाढतो. हप्ता वाढला की त्या शंभरांतले धडधाकट निघून जातात आणि तो आणखी वाढतो. म्हणून कंपनी एकट्याला विचारते: तुझे वय काय, तुला साखर आहे का, दाब आहे का? म्हणून ती म्हणते, तीन वर्षे थांब. हा कंपनीचा दुष्टपणाच असतो असे नाही. एकटा येणारा माणूस आजार घेऊन येत असेल, ही तिची भीती असते. सर्वजण एकदम आले तर विचारण्याचे कारणच उरत नाही.

हे शहाणपण प्रथम कामगारांना सुचले. वेल्समध्ये ट्रेडेगर नावाचे खाण-कामगारांचे गाव आहे. तेथील खाणीतल्या आणि लोखंडाच्या कारखान्यातल्या मजुरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दर आठवड्याच्या मजुरीतून थोडे पेन्स कापून वैद्यकीय मदतीची संस्था उभारली. हळूहळू जवळजवळ सारे गाव तिच्यात आले. त्याच गावचा खाणमजूर अन्युरिन बेव्हन पुढे ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी त्याने साऱ्या देशासाठी आरोग्यसेवा सुरू केली. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ सालीच कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा केला होता. तो समाजवाद्यांच्या धास्तीने केला असे म्हणतात, पण केला.

आपल्याकडे १९४३ साली प्राध्यापक बी. पी. अडारकर यांची औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्यासाठी नेमणूक झाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्या वेळी मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. अडारकरांनी १९४४ साली अहवाल दिला. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे त्याची अंमलबजावणी सुरू झाली. पंडित नेहरू त्या समारंभाला कानपुरास गेले होते.

या राज्य विम्यात, म्हणजे ज्याला आपण "ईएसआय" म्हणतो त्यात, काय मिळते ते नीट पाहा. १ जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा मजुरीच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के असा ठरला. पंधरा हजार कमाविणाऱ्याचे महिन्याला सुमारे एकशे तेरा रुपये आणि मालकाचे सुमारे चारशे अठ्ठ्याऐंशी. दोहोंचे मिळून सहाशे. त्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला बाहेरच्या तपासणीपासून शस्त्रक्रियेपर्यंत उपचार मिळतात. शिवाय आजारी पडल्यास वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम घरी येते. क्षयासारखा दीर्घ आजार असेल तर त्यापुढेही, अटी पुऱ्या होत असल्यास दोन वर्षांपर्यंत, ८० टक्के मिळते. कापसाच्या धुळीने छाती भरते, त्या बिसिनोसिस रोगाचे नाव व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. अर्ज भरताना "तुला साखर आहे का" असे कोणी विचारीत नाही. बाजारातली कोणती पॉलिसी सहाशे रुपयांत एवढे देईल? आम्ही शोधून पाहिले. आम्हाला सापडली नाही.

मग भिवंडीत मागावर बसणाऱ्या माणसाला हा विमा का मिळत नाही? आपण सारे हे जाणता, पण मोठ्याने बोलत नाही. हा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला लागू होतो. आपल्या गावात एकाच पत्र्याच्या छपराखाली चोवीस माग चालतात; कागदावर मात्र ते तीन नावांवर असतात. एक नाव मालकाचे, एक भावाचे, एक बायकोचे. प्रत्येकाकडे पाच-सहा माणसे, आणि तीही हजेरीपटावर नाहीत. विणकराला मजुरी मीटरवर, कांडीवाल्याला वेगळी, जॉबर आपल्या हिशेबाने. या माणसाचा मालक कोण, असे न्यायालयात विचारले तर छपराखालचे सारे एकमेकांकडे बोट दाखवितात.

येथे मालकांपैकीही काहीजण बसले आहेत. त्यांच्यावर अन्याय नको. मालक म्हणविणारा पुष्कळदा स्वतःच मजुरीने कापड विणून देणारा असतो. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, दर व्यापाऱ्याचा. याच्या वाट्याला विजेचे बिल आणि मागाचे कर्ज. तो म्हणतो, "माणशी चारशे अठ्ठ्याऐंशी मी कोठून आणू?" प्रश्न खोटा नाही. परंतु तो त्याने व्यापाऱ्याला विचारावयास हवा. आज तो विचारीत नाही, आणि बिल अखेर सर्वांत खालच्या माणसाच्या बायकोच्या गळ्यातून वसूल होते.

संसदेने २०२० साली केलेली सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीत दहाहून कमी माणसे असलेल्या आस्थापनेलाही, मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर, राज्य विम्यात येण्याची मुभा आहे. म्हणजे "आम्हाला कायदा लागू नाही" ही सबब आता पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाही.

आता सरकारी योजनेकडे वळू, कारण आमची चूक तेथे झाली. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढच्या वर्षी ती साऱ्या महाराष्ट्रात आली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. २०२३ साली राज्य सरकारने शिधापत्रिका कोणत्याही रंगाची असो, ते कुटुंब योजनेत घेण्याचे आणि वर्षाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचे ठरविले. सत्तर वर्षांवरील वृद्धांसाठी उत्पन्नाची अट न घालता आयुष्मानचे वेगळे कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. या सभागृहात पांढऱ्या केसांची जी मंडळी दिसतात, त्यांपैकी किती जणांनी ते काढले आहे? हात वर करण्याची गरज नाही. घरी जाऊन पेटी उघडावी.

या योजनेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ती ठरलेल्या यादीतल्या उपचारांसाठी आणि अंगीकृत रुग्णालयांतच चालते. ताप-खोकल्याची रोजची औषधे तीत नाहीत, आणि बुडालेली मजुरी तर नाहीच. म्हणून रुग्ण दारात नेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हे रुग्णालय योजनेत आहे काय? असेल तर तेथे आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. प्रथम त्याला गाठावे. उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या आमच्या बांधवांची शिधापत्रिका गावी असते. त्यांना महाराष्ट्राच्या योजनेचा लाभ मिळणे अवघड जाते. परंतु गावी यादीत नाव असेल तर आयुष्मान कार्ड देशभर चालते. गावाहून येताना माणूस भाकरी बांधून आणतो, तसे हे कार्डही आणावे, असे आम्ही आता प्रत्येकाला सांगतो.

हे दोन हक्काचे मार्ग झाले. ज्याला हे दोन्ही पुरत नाहीत, असा शिक्षक, दुकानदार, कारकून, लहान मालक यांना बाजारात जावेच लागते. त्यांच्यासाठी आमच्या ठेचेतून आलेले चार शब्द. पहिला: अर्ज स्वतः भरा, आणि आजार असेल तो लिहा. लिहिल्याने हप्ता वाढेल, थांबावे लागेल; न लिहिल्याने सर्वच बुडेल. २०२४ च्या नियमांनी पूर्वीच्या आजारासाठी थांबण्याची मुदत तीन वर्षांहून अधिक ठेवता येत नाही, आणि पॉलिसी सलग पाच वर्षे चालली तर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज लपविल्याचे कारण देऊन दावा नाकारता येत नाही. दुसरा: खोलीभाड्याची मर्यादा पाहा. मर्यादेबाहेरची खोली घेतली की पुष्कळ पॉलिसींत साऱ्या बिलालाच कात्री लागते. तिसरा: पॉलिसी हाती आल्यावर तीस दिवसांत ती परत करता येते, तेवढ्या दिवसांत ती कोणाकडून तरी वाचवून घ्या. चौथा: तुलना करावयाची तर सारख्याला सारखे लावून करा. २०२० साली "आरोग्य संजीवनी" नावाची, सर्व कंपन्यांकडे अटी एकच असलेली पॉलिसी आली. तीत बिलाचे पाच टक्के रुग्णाने सोसावयाचे असतात. अटी एक असल्याने हप्ताच तेवढा पाहावयाचा उरतो, आणि कोण महाग, कोण स्वस्त, हे साध्या माणसाला कळते. दावा अन्यायाने नाकारला गेला तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि तेथे दाद न लागल्यास विमा लोकपालाकडे जावे. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

परंतु एकट्याने केलेली खरेदी ती एकट्याचीच. एखाद्या कामगार संघटनेने, सहकारी संस्थेने किंवा पतपेढीने आपल्या सभासदांसाठी मिळून गट-विमा घेतला तर पूर्वीचे आजार पहिल्या दिवसापासून धरावेत, अशी अट घासाघीस करून घालून घेता येते. केवळ विम्यासाठी गट जमविता येत नाही. तो आधीपासूनचा, दुसऱ्या कामासाठी बांधलेला असावा लागतो. म्हणजे आधी संघटना आणि मग विमा, असाच हा क्रम आहे. कर्नाटकात २००३ साली सहकारी संस्थांच्या शेतकऱ्यांसाठी यशस्विनी योजना निघाली, तेव्हा वर्षाला माणशी साठ रुपये वर्गणी होती आणि सरकारचा हातभार होता. पहिल्याच वर्षी सोळा लाखांच्या आसपास माणसे आली, म्हणून साठ रुपयांत शस्त्रक्रिया बसू शकल्या. येथे एक विसंगतीही सांगून ठेवतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के कर सरकारने काढून टाकला, हे चांगले केले. गट-विम्याला मात्र ती सूट नाही. एकट्याला माफी आणि मिळून येणाऱ्याला कर, हा न्याय आम्हाला उमगलेला नाही, आणि तो बदलण्याची मागणी या व्यासपीठावरूनही गेली पाहिजे.

आता शेवटचा मुद्दा. "आमचा मालकच ठरत नाही, मग विमा कोण भरणार?" असे विणकर विचारतो. हाच प्रश्न एकेकाळी मुंबईच्या गोदीत आणि बाजारात ओझी वाहणारा माथाडी विचारीत असे. सकाळी एका व्यापाऱ्याची गोण, दुपारी दुसऱ्याची, मालक कोण? अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांनी चळवळ उभारली आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. मंडळे स्थापन झाली. ज्याची गोण, त्याने मजुरीबरोबर ठरलेली लेव्हीही मंडळात भरावयाची, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी. छपराखाली किती माणसे आहेत हा प्रश्नच उरला नाही. ओझे उचलले की पैसा जमा. विड्या वळणाऱ्यांसाठी १९७६ साली विडीवर उपकर बसविण्याचा कायदा झाला आणि त्यातून त्यांचे दवाखाने चालले. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा तो उपकर गेला. म्हणजे मिळविलेले राखण्यासाठीही जागे राहावे लागते.

मग कापडाच्या मीटरवर अशी लेव्ही का असू नये? छप्पर तीन नावांत वाटता येते, कापडाचा तागा वाटता येत नाही. ज्याच्या दुकानात तागा जातो त्याने मीटरमागे थोडे पैसे मंडळात टाकले, तर लहान मालकाच्या खिशाला हात लागत नाही आणि विणकराच्या घरात राज्य विमा पोचतो. ही मागणी आम्ही युनियनतर्फे करीत आहोत. ती उद्या मान्य होईल असे आम्ही म्हणत नाही. १९४३ साली अडारकरांना काम मिळाले आणि पहिल्या कामगाराच्या हाती लाभ पडण्यास १९५२ उजाडले. नऊ वर्षे लागली, पण प्रारंभ कोणीतरी केला होता.

तोपर्यंत जे हाताशी आहे ते करू. दर रविवारी सकाळी आमच्या कचेरीत त्याच बाकावर आम्ही बसतो. शिधापत्रिका, आधार आणि असतील ती कार्डे घेऊन या. मराठी, हिंदी, तेलुगू, उर्दू, कोणत्याही भाषेत बोला. कोणाला कोठला हक्क आहे ते आम्ही पाहून देतो, अर्ज वाचून दाखवितो, आणि आजाराच्या रकान्यात खरे तेच लिहवून घेतो. येथील सुशिक्षित मंडळींपैकी ज्यांना इंग्रजी अर्ज वाचता येतात त्यांनी महिन्यातून एक रविवार द्यावा, एवढीच झोळी आम्ही आज पसरतो. पैसे नकोत, डोळे हवेत.

त्या बाकावर मदतीला सर्वांत आधी कोण येऊन बसले ते सांगून रजा घेतो. बारावीवर जिचे कॉलेज थांबले होते ती त्या विणकराची मुलगी. तिला इंग्रजी अर्ज वाचता येतात. पहिल्या रविवारी तिने पेटीतली केशरी पत्रिका आणून टेबलावर ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवून एकच विचारीत राहिली: "अशी तुमच्या घरी आहे का?"

तोच प्रश्न आज आम्ही आपणा सर्वांना विचारीत आहोत.